कोल्हापूरहून व्हिएतनाम, मित्रमैत्रिणींबरोबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनामहून आल्यापासून कॉलेजच्या कट्ट्यावर, राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर आणि घरी येणाऱ्या काकू-मावश्यांकडून मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. ज्युनियर पोरापोरींना खर्च विचारायचा असतो, त्यांच्या आईवडिलांना काळजी असते, आणि जेवणाचं तर सगळ्यांनाच विचारायचं असतं. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहिते. माझं एक ठाम मत आहे आणि ते खाली वारंवार येईल: मोजकी ठिकाणं बघा, पण तिथे राहा. नुसते फोटो काढत पळण्यासाठी इतका पैसा घालवू नका.

ताई, व्हिएतनामच का? सगळे थायलंड नाहीतर दुबईला जातात.

जाऊ देत, ते देशही चांगले आहेत. पण विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असं राहणं-खाणं, घरबसल्या मिळणारा व्हिसा आणि मुंबईहून थेट विमान हे तिन्ही व्हिएतनाममध्ये जमतं. शिवाय हजार वर्षांपूर्वीचं विद्यामंदिर, समुद्रातले चुनखडीचे डोंगर आणि चक्क शिवमंदिरं एकाच देशात बघायला मिळतात. शिवमंदिरांबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, ते वगळू नका.

पासपोर्ट कुठे काढायचा? पुण्याला जावं लागतं का?

आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ऑनलाइन अर्ज भरून तिथली वेळ घ्यायची. सज्ञान व्यक्तीच्या ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळला वर २,००० रुपये. त्यानंतर तुमच्या हद्दीच्या ठाण्यातून पोलीस पडताळणी होते. पुण्या-मुंबईत हॉस्टेलला राहणाऱ्यांनी पत्ता कोणता द्यायचा हे आधीच ठरवावं, कारण पोलीस त्याच पत्त्यावर चौकशी करतात. दहावीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा.

एक गोष्ट सगळ्यांना सांगते. आपल्या पासपोर्टवर 'दिलेले नाव' या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसाच्या अर्जात नाव तसंच्या तसं, त्याच स्पेलिंगने आलं पाहिजे. वडिलांचं नाव गाळलं, आडनावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर काउंटरवर रडकुंडीला येता. गटातल्या प्रत्येकाचा अर्ज दुसऱ्या कुणीतरी पासपोर्ट समोर धरून वाचावा, मगच पैसे भरावेत.

व्हिसाचं काय? एजंट लागतो का?

लागत नाही. व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर ई-व्हिसाचा अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर. व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत, ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्ता नीट बघून मगच भरा. पासपोर्टची मुदत पुढे किमान सहा महिने हवी. व्हिएतनाममध्ये कुठल्या विमानतळावर उतरणार हेही अर्जात लिहावं लागतं. प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी अर्ज करा, कारण त्यांच्या सुट्ट्या आल्या की काम लांबतं.

कोणत्या महिन्यात जावं? दिवाळीच्या सुट्टीत चालेल का?

दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते खरी, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात, म्हणजे हुए, दा नांग, होई आन या पट्ट्यात, जोराचा पाऊस आणि पूर असतो. होई आनच्या गल्ल्यांत तेव्हा होड्या चालतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे, हनोईला, चांगलीच थंडी असते. आपल्याकडचा पातळ स्वेटर तिथे पुरत नाही. दक्षिणेत त्याच वेळी कोरडं, छान हवामान असतं. हा देश लांबच लांब आहे, त्यामुळे सगळीकडे एकदम चांगली हवा क्वचितच मिळते. त्यातल्या त्यात मार्च उत्तम. मे महिन्यात उकाडा असतो, पण कोल्हापूरकराला तो सोसतो.

टाळायचा काळ म्हणजे तेत, त्यांचं नवीन वर्ष. ते जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या दरम्यान येतं. तेव्हा सगळा देश आपापल्या गावी जातो, दुकानं बंद असतात आणि रेल्वेत जागा मिळत नाही.

कोल्हापूरहून मुंबई विमानतळ कसं गाठायचं?

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी मुंबईत पोचते. दादरला उतरून पुढे टॅक्सी करा. नाहीतर कावळा नाक्यावरून रात्रीची ट्रॅव्हल्स. बोरिवलीकडे जाणारी गाडी असेल तर ती विमानतळाच्या जवळून जाते, आरक्षण करतानाच विचारून घ्या. विमान रात्रीचं असलं तरी मुंबईत सकाळीच पोचा.

पावसाळ्यात जाणार असाल तर आणखी एक दिवस हाताशी ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. राजाराम बंधाऱ्याची पातळी चढताना दिसली की बॅग उचला आणि निघा.

एकूण खर्च किती धरायचा?

नऊ-दहा दिवसांसाठी साधारण ६० ते ७५ हजार. यातला मोठा वाटा विमानाचा. तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर येऊन-जाऊन २० ते ३० हजारांत बसतं. हॉस्टेलच्या सामाईक खोलीतला पलंग ५०० ते ९०० रुपयांत मिळतो. रस्त्यावरचं पोटभर जेवण १५० ते २५० रुपये. उरलेला पैसा देशांतर्गत प्रवास, होडी आणि तिकिटं यांत जातो. प्रवास विमा जरूर काढा, तो हजाराच्या आतबाहेर येतो.

टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं तर वर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. पावती आणि पॅन जपून ठेवा, रिटर्न भरताना तो पैसा वजा करून मिळतो.

पैसे कसे न्यायचे? तिथे जीपे चालतं का?

त्यांचे क्यूआर कोड सगळीकडे दिसतात, पण आपल्या यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. थोडे डॉलर रोख आणि एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरलेलं कार्ड, न्या. नोटा कोऱ्या हव्यात, घडी पडलेली किंवा पेनाने खूण केलेली नोट घेताना ते नाक मुरडतात. भारतीय रुपये जास्तीत जास्त २५,००० पर्यंत नेता येतात, पण तिथे त्यांचा उपयोग नाही. परतल्यावर मुंबईतल्या टॅक्सीला लागतील तेवढेच ठेवा.

तिथलं चलन डोंग. एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी खिशात लाखो येतात आणि डोकं चक्रावतं. खरी काळजी निळ्या नोटांची घ्यायची. २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसर. पहिली सत्तरेक रुपयांची, दुसरी सतराशेच्या आसपास. पुढच्या बाजूला दोन्हीवर त्यांच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो चि मिन्ह यांचं चित्र. अंधारात टॅक्सीवाल्याला देताना घोळ होणारच. ओळखायची सोपी खूण मागच्या बाजूला आहे: २० हजारांच्या नोटेवर होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल, ५ लाखांच्या नोटेवर हो चि मिन्ह यांचं लहानपणचं घर. आम्ही ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचो आणि देताना आकडा मोठ्याने म्हणायचो.

ग्रुपमध्ये पैशांचा हिशेब कसा ठेवला?

हे निघण्यापूर्वी ठरलं नाही तर मैत्रीत खडा पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. सगळंच टीटीएमएम केलं तर प्रत्येक टॅक्सीला पाच जण सुटे शोधत उभे राहतात. सगळंच सामाईक केलं तर कमी खाणाऱ्याला, दारू न पिणाऱ्याला फुकटचा भुर्दंड. आमच्यात राहणं, टॅक्सी, रेल्वे आणि पिण्याचं पाणी सामाईक होतं. त्यासाठी दर दोन दिवसांनी सारखी काँट्री काढून एकाच पाकिटात ठेवायची आणि ते पाकीट एकाच मैत्रिणीकडे. खाणं, खरेदी आणि हौसेच्या गोष्टी ज्याच्या त्याच्या. रोज रात्री झोपण्यापूर्वी हिशेब व्हायचा, कितीही दमलेलं असलं तरी.

आणखी एक. ग्रुपमध्ये कुणाच्या घरची परिस्थिती बेताची असते आणि तो ते बोलून दाखवत नाही. महागडी क्रूझ ठरवताना "सगळ्यांना चालेल ना?" असं चारचौघांत विचारलं तर तो 'हो'च म्हणणार. प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा. सगळ्यांत कमी बजेट ज्याचं, त्याच्यावरून हॉटेल आणि क्रूझ ठरवा.

मार्ग कसा आखावा?

हनोई तीन-चार दिवस, त्यातला एक दिवस-रात्र 'हा लाँग बे' या चुनखडीच्या डोंगरांच्या खाडीला. मग रात्रीच्या रेल्वेने दा नांग, तिथून होई आनला चार दिवस. परतीचं विमान दा नांगहून हो चि मिन्ह सिटीमार्गे. वेळ असेल तर तिथे दीड-दोन दिवस.

सापा, हनोई, निन्ह बिन्ह, हुए, होई आन, हो चि मिन्ह सिटी असं सगळं दहा दिवसांत कोंबलेली पॅकेजं मिळतात. त्यात निम्मा वेळ बसमध्ये जातो. मी तरी ती कुणालाही सुचवणार नाही.

हनोई ते दा नांग ७९१ किलोमीटर आहे, रेल्वेला पंधरा ते सतरा तास लागतात. चार पलंगांचा डबा घ्या. सकाळी हुएच्या पुढे हाय व्हान घाटात रेल्वे अगदी समुद्राच्या कडेने जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. त्या वेळी जागे राहा.

हनोईत विद्यार्थ्यांनी काय बघावंच?

विद्येचं मंदिर, म्हणजे व्हान मियेउ. १०७० मध्ये कन्फ्यूशियसच्या नावाने बांधलेलं, आणि १०७६ मध्ये इथेच राजघराण्याच्या मुलांसाठी विद्यालय सुरू झालं. आत ८२ शिलालेख दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. १४४२ ते १७७९ या काळातल्या राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं आणि गावं त्यावर कोरली आहेत. पूर्वी परीक्षेला जाणारी मुलं त्या कासवांच्या डोक्यावर हात ठेवून जायची. हात लागून लागून दगड गुळगुळीत झाला, म्हणून आता पुढे कठडा घातलाय. पदवीचे झगे घालून फोटो काढायला आलेल्या मुलामुलींनी अंगण भरलेलं असतं. निकालाची धाकधूक घेऊन आम्ही सगळे तिथे गेलो होतो. त्या कासवांसमोर आम्ही बराच वेळ थांबलो, एकेक नाव कोरायला किती दिवस लागले असतील यावर बोलत.

हो चि मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत, आत बोलायचं नाही, फोटोही काढायचा नाही.

हा लाँग बे सुरक्षित आहे का?

ठिकाण अप्रतिम आहे. समुद्रातून वर आलेली चुनखडीची सोळाशेहून जास्त बेटं, १९९४ पासून जागतिक वारसा यादीत. पण जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची एक बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. म्हणून अगदी स्वस्तातली होडी नको. लाइफ जॅकेट कुठे आहे ते चढल्या चढल्या बघा. हवामान खराब म्हणून फेरी रद्द झाली तर हुज्जत न घालता पैसे परत घ्या.

शिवमंदिरांचं काय ते सांगा.

होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात 'मी सन' नावाचं ठिकाण आहे. इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकापर्यंत इथे मंदिरं बांधली. पहिलं मंदिर राजा भद्रवर्मनने शिवाला अर्पण केलं आणि देवाला भद्रेश्वर असं नाव दिलं. बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात सर्वांत मोठा मनोरा कोसळला. बॉम्बने पडलेले खड्डे अजून तिथे आहेत, त्यांवर गवत उगवलंय.

आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ पासून इथल्या मंदिरांच्या तीन समूहांचं जतनकाम केलं. २०२० मध्ये त्या कामात वालुकाश्मातलं अखंड शिवलिंग मिळालं, नवव्या शतकातलं. आम्ही त्या मंदिरापाशी पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि लाल विटांतून वाफ निघत होती. विटांच्या सांध्यात चुना दिसत नाही, इतक्या त्या घट्ट बसल्या आहेत, आणि त्या विटांवरच नक्षी कोरली आहे. आपण खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात काळ्या दगडाचे खांब बघत मोठे झालो. तोच देव, पण विटेत, आणि घरापासून हजारो किलोमीटर लांब. माझ्या मैत्रिणीने तिथे नकळत चपला काढल्या.

पहाटेच निघा. नऊनंतर बसच्या बस येतात आणि ऊनही चढतं. तिकीट साधारण दीड लाख डोंग, म्हणजे पाचशे रुपये. जाण्यापूर्वी दा नांगमधलं चाम, म्हणजे चंपा राज्यातल्या, शिल्पांचं संग्रहालय बघा. 'मी सन'मधली उत्तमोत्तम शिल्पं तिथे ठेवली आहेत, त्यात उभा गणपतीही आहे. आधी संग्रहालय आणि मग खोरं, या क्रमाने गेलात तर ओकेबोके चौथरे बघताना तिथे काय होतं हे डोळ्यांसमोर येतं.

व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून युद्ध जिंकलं आणि तिथे महाराजांचा पुतळा आहे, असा मेसेज येतो. तो कुठे बघायचा?

हा मेसेज मलाही निघण्यापूर्वी निदान चार नातेवाइकांनी पाठवला. त्यासोबत ना जागेचा पत्ता असतो ना कुठला पुरावा. पुतळा शोधण्यात दिवस घालवू नका. महाराज आपल्याला वंदनीय आहेतच, त्यासाठी अशा मेसेजचा आधार लागत नाही. व्हिएतनामी लोकांची लढाई समजून घ्यायची असेल तर हो चि मिन्ह सिटीजवळची कू चीची भुयारं आणि शहरातलं युद्ध अवशेष संग्रहालय बघा. संग्रहालयातले रासायनिक फवारणीच्या परिणामांचे फोटो बघवत नाहीत. ज्याला नको असेल त्याला बाहेर थांबू द्या.

खायचं काय? शाकाहारी माणूस उपाशी राहील का?

नाही, पण शिकून जावं लागतं. 'चाय' अशी पाटी असलेली खानावळ म्हणजे शुद्ध शाकाहारी. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे अशा खानावळी जवळपास प्रत्येक गावात सापडतात. इतर ठिकाणी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण माशाचा रस, न्युओक माम, भाजीतही घालतात.

मांसाहारी मंडळींनी तीन शब्द पाठ करावेत: गा म्हणजे कोंबडी, बो म्हणजे गाय-बैलाचं मांस, हेओ म्हणजे डुकराचं. फो हा नूडल्सचा रस्सा गा आणि बो अशा दोन्ही प्रकारे मिळतो, कोंबडीचा हवा तर 'फो गा' मागा. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेला पहिले दोन दिवस सगळं सपक लागतं. टेबलावर ताजी मिरची आणि लिंबू असतं, ते पिळा. तिसऱ्या दिवसापासून त्या रश्श्याची गोडी कळते.

कांदा-लसूण चटणी आणि शेंगदाण्याची चटणी जरूर न्या, पण मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत नेली तर सुरक्षा तपासणीत अडवतात. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत.

तिथे बाइक भाड्याने घ्यावी का?

कोल्हापूरच्या पोरांचा हा पहिला प्रश्न. माझं उत्तर: नको. आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या रस्ते वाहतूक करारानुसार मिळतं, व्हिएतनाम १९६८ च्या करारात आहे, म्हणून ते तिथे चालत नाही. भाड्याने देणारा लायसन्स विचारत नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. त्यात गाड्या उजव्या बाजूने चालतात. ग्रॅब हे ॲप घ्या, बाइक आणि मोटार दोन्ही स्वस्तात मिळतात, पैसे रोखही देता येतात.

रस्ता ओलांडताना पळू नका आणि मध्येच थांबू किंवा मागे फिरू नका. संथ, एकसारख्या चालीने चालत राहा, दुचाक्या तुम्हाला वळसा घालून जातात. बस आणि मोटारीला मात्र आधी जाऊ द्या.

मुलींना पाठवायचं म्हणजे धास्ती वाटते. तुझे आईबाबा कसे तयार झाले?

काकू, धास्ती वाटणारच. माझ्या आईलाही वाटली. आम्ही आईबाबांना प्रत्येक मुक्कामाचा पत्ता, रेल्वेची वेळ आणि ग्रुपमधल्या सगळ्यांच्या घरचे नंबर एका कागदावर लिहून दिले. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. रोज रात्री ठरलेल्या वेळी एक फोन. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतात, हे आईने दुसऱ्याच दिवशी लक्षात ठेवलं.

रात्री उशिरापर्यंत तिथे बायका रस्त्यावर खाद्यपदार्थ विकत बसलेल्या असतात, वावरताना भीती वाटत नाही. हो चि मिन्ह सिटीत दुचाकीवरून येऊन हातातला फोन हिसकावण्याचे प्रकार होतात, तेवढं जपा. हनोईत भारतीय दूतावास आहे आणि हो चि मिन्ह सिटीत वाणिज्य दूतावास. पोलिसांचा नंबर ११३, रुग्णवाहिकेचा ११५. पासपोर्टची प्रत वेगळ्या बॅगेत आणि फोनमध्ये ठेवायला सांगा.

ग्रुपमध्ये भांडणं झाली का?

झाली की. दमलेली, भुकेली माणसं भांडतातच. आमचा एक नियम कामी आला: दुपारचे तीन तास ज्याला जे हवं ते त्याने करावं, एकटं किंवा दुकटं, आणि संध्याकाळी ठरलेल्या ठिकाणी भेटावं. कुणी झोपलं, कुणी होई आनच्या शिंप्याकडे कपडे शिवायला टाकले, कुणी नदीकाठी बसून चित्रं काढली. संध्याकाळी सगळ्यांकडे सांगायला काहीतरी असायचं.

परत येताना काय आणावं?

कॉफी. व्हिएतनाम जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक देश आहे. फिन नावाची छोटी गाळणी कपावर ठेवून थेंब थेंब कॉफी उतरवतात, ती गाळणी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. बाजारातल्या सुट्या पुड्यांपेक्षा सुपरमार्केटमधलं तारीख छापलेलं पाकीट घ्या. होई आनचे रेशमी कंदील घडी होतात, बॅगेत सपाट बसतात आणि दिवाळीत दारात छान दिसतात. ती शंकूसारखी टोपी मात्र बॅगेत मोडते. हवीच असेल तर विमानातून हातात धरून आणायची तयारी ठेवा.